गाडीचे दिवे मंद होतात? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना बॉनेट उघडून मोबाइलवर एकेक पायरी बघत काम करायचंय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्यातली ‘अं...’ आणि ‘म्हणजे कसं ना’ तेवढी गाळलीयेत. शेवटी छोटी यादी आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

आजचा विषय थोडा काळ्या ग्रीसचा आणि थोडा माझ्या मूर्खपणाचा आहे.

गेल्या गणपतीत मी पुण्याहून महाडकडे निघाले होते. बाबांची जुनी हॅचबॅक. शेजारी आई, मागे आजी, आजीच्या मांडीवर गौरीच्या साड्यांची पिशवी. निघायला उशीर झाला, आणि ताम्हिणी घाटात शिरेपर्यंत अंधार पडला. वर पाऊस. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको.

काचेवर वाफ धरायला लागली म्हणून मी ब्लोअर चारवर टाकला. आणि समोरचा रस्ता विझला. अगदी बंद नाही झाले दिवे, पण पांढरट उजेड होता तो पिवळा झाला, पंचवीस-तीस फुटांपलीकडे काही दिसेना. ब्लोअर बंद केला, उजेड आला, पण काच धूसर. ब्लोअर लावला, काच साफ, पण उजेड गेला. म्हणजे निवड काय, तर काच हवी की रस्ता हवा!

त्यातच वळणावरून एसटी आली. तिच्या चालकाला आमची गाडी बहुतेक उशिरा दिसली, कारण त्याने हॉर्न दिला तो अगदी जवळ आल्यावर. आई काही बोलली नाही. फक्त डॅशबोर्डला हात टेकवून बसली. आजीने मागून विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही आजी.” खोटं बोलले. हातपाय गार पडले होते.

पुढच्या टपरीपाशी थांबलो. पाऊस ओसरेपर्यंत दोन चहा झाले. मग काच थोडी खाली करून, ब्लोअर बंद ठेवून, तीसच्या वेगाने घाट उतरलो.

पहिली चूक : साडेचार हजारांची

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गाडी नेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “बॅटरी किती वर्षांची?” मी म्हटलं, तीन. “मग झालं की. बदला.” मीटर लावला नाही, काही बघितलं नाही. जुनी बॅटरी देऊन वर साडेचार हजार मोजले. गाडी झकास सुरू झाली. मी खूश.

पंधरा दिवसांनी पुण्यात रात्री पाऊस आला, ब्लोअर लावला, आणि तेच! दिवे पिवळे. मधले पंधरा दिवस सगळं ‘ठीक’ होतं, कारण रात्री, पावसात, ब्लोअर लावून मी गाडी काढलीच नव्हती. दुरुस्ती झाली नव्हती, फक्त परीक्षा झाली नव्हती.

मग धायरीच्या बाजूला एका वायरमन काकांकडे गेले. गाड्यांचं वायरिंग करणारे. पत्र्याची छोटी शेड, लाकडी टेबल, आणि टेबलावर मीटर. त्यांनी वस्तू बदलायच्या आधी मला प्रश्न विचारले. आजचा एपिसोड म्हणजे खरं तर त्या प्रश्नांचाच आहे.

आधी प्रश्न : मंद होतात, पण कधी?

काकांचा पहिला प्रश्न होता, “ताई, रेस दिली की दिवे वाढतात का?”

मी विचार केला. घाटात चढावर इंजिन ओरडत होतं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी होती. तरी दिवे मंदच होते. म्हणजे रेसने फरक पडत नव्हता.

“मग डायनॅमोवर लगेच संशय नको,” काका म्हणाले. जुने लोक अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात.

हे समजून घ्यायला गाडीतली वीज कुठून येते ते दोन मिनिटांत बघू. इंजिन बंद असताना वीज बॅटरी देते. सेल्फ मारताना तीच देते. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, अल्टरनेटर फिरतो आणि तो सगळ्या गाडीला वीज देतो, वर बॅटरीही भरतो. तो वीज किती देणार हे त्याच्या वेगावर अवलंबून असतं. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा तो कमी देतो, आणि मागणी जास्त झाली तर उरलेली बॅटरीतून ओढली जाते.

म्हणून लक्षणं अशी वाचायची :

सिग्नलला उभं असताना दिवे मंद, रेस दिली की लखलखीत : अल्टरनेटर कमी पडतोय, बेल्ट सैल आहे, किंवा बॅटरी थकली आहे. बेल्ट सैल असेल तर पावसात किंवा गाडी सुरू केल्या केल्या किंचाळल्यासारखा आवाज येतो.

दिवे सतत थरथरतात, कमी-जास्त होत राहतात : रेग्युलेटर किंवा अल्टरनेटरमधला डायोड. रेग्युलेटरला वायरमन लोक आयसी म्हणतात, जुने लोक कटआउट म्हणतात.

रेस दिली की दिवे भलतेच प्रखर होतात, बल्ब वारंवार उडतात : रेग्युलेटर दाब आवरत नाहीये. हे मंद दिव्यांपेक्षा वाईट. बॅटरी उकळते.

एकच दिवा मंद, दुसरा ठीक : त्या दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा त्याचा स्वतःचा अर्थ. इंडिकेटर दिल्यावर शेजारचा पार्किंग लाइटही लुकलुकत असेल तर अर्थ जवळपास नक्की.

सगळेच दिवे मंद, ब्लोअर-वायपर लावले की आणखी मंद, आणि रेसने फरक नाही : मुख्य अर्थ किंवा मुख्य केबल. ही माझी गाडी.

सेल्फ मारताना क्षणभर मंद : हे नॉर्मल आहे. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. पण दिवे पार विझत असतील आणि नुसतं ‘टक-टक-टक’ होत असेल, तर बॅटरी किंवा टर्मिनल बघा.

एसीचा कॉम्प्रेसर किंवा रेडिएटरचा पंखा सुरू होताना एक हलकी डुलकी : हेही नॉर्मल. डुलकी घेऊन दिवे परत जागेवर आले पाहिजेत, इतकंच.

बघा, अजून बॉनेट उघडलं नाही आणि अर्धं निदान झालं. मी त्या दुकानात फक्त “दिवे मंद होतात” एवढंच सांगितलं होतं. कधी, कशाबरोबर, रेसने काय होतं, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

थोडासा दाब गेला तर इतका उजेड का जातो?

हा प्रश्न मला पडला होता. बॅटरी बाराची आहे, एक-दोन व्होल्ट इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं?

हॅलोजन बल्बमध्ये तार तापते आणि तापल्यावर उजेड देते. दाब कमी झाला की तार कमी तापते, आणि उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. ढोबळ हिशेब असा : दाब ५ टक्के कमी झाला तर उजेड साधारण १६ टक्के कमी. दाब १० टक्के कमी, तर उजेड सुमारे ३० टक्के कमी. दाब २० टक्के कमी झाला की उजेड निम्म्यावर. शिवाय उरलेला उजेड पिवळा होतो.

म्हणून घाटात रस्ता ‘विझला’ असं वाटलं ते भास नव्हता. पुढे आकडा सांगतेच.

एलईडी दिव्यांचं वेगळं असतं. त्यांच्यात आत सर्किट असतं, ते दाब बराच सांभाळून घेतं. त्यामुळे एलईडीच्या गाडीत बिघाड असला तरी दिवे लवकर मंद होत नाहीत. लुकलुकतात, किंवा एकदम बंद पडतात. बाकी तपासणी तीच.

मीटर हातात घेऊ

साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. नॉब डीसी व्होल्टच्या २० वर. काळी पिन ‘कॉम’मध्ये, लाल पिन व्होल्टच्या भोकात. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात असताना बॅटरीला टेकवायची नाही! तो थेट शॉर्ट होतो, मीटरचा फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर पिनही वितळते.

आणि काम सुरू करण्याआधी : हातातली अंगठी, कडं काढा. ओढणी, मोकळे केस, सैल बाही बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तिथे बोटं नकोत. बॅटरीजवळ सिगारेट नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पिवळ्या आवरणातले कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना टोचायचं नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे.

पहिली तपासणी : झोपलेली बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू न करता. दोन टर्मिनलांवर दोन पिना. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण लक्षात ठेवा, रिकामी म्हणजे खराब नव्हे. तिला कुणी भरलंच नसेल तर ती बिचारी काय करणार? आधी पूर्ण चार्ज करून मग लोड टेस्ट करायची, त्यानंतरच तिला दोष द्यायचा.

दुसरी तपासणी : चार्जिंग. इंजिन सुरू, पिना बॅटरीवरच. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. थोडं उतरेल, पण १३ च्या वर टिकायला हवं. आयडलला जरा खाली गेलं तर थोडी रेस देऊन परत बघा. १२.५ वरच चिकटून बसलं आणि रेसनेही हललं नाही, तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये : बेल्ट, कार्बन, आयसी, किंवा मागची वायर. १५ च्या वर सतत जात असेल तर आयसी गेला. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, इंधन वाचवायला. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका. हेडलाइट लावून पाच-दहा मिनिटं बघा.

डायोडची शंका असेल तर त्याच जागी मीटर एसी व्होल्टवर टाका. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर डायोड संशयास्पद.

एक जुनी युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच : “इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ. गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला.” असं करू नका. बॅटरी निघताक्षणी दाब उसळतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरचं काम तमाम होऊ शकतं. कार्ब्युरेटरच्या काळात चालून गेलं असेल, आता नाही.

माझ्या गाडीचा आकडा : इंजिन चालू, सगळं लावून, बॅटरीवर १४.१. अल्टरनेटर ठणठणीत, बॅटरी (नवीकोरी!) ठणठणीत. तरी दिवे पिवळे.

काकांनी मग हेडलाइटच्या मागचा कनेक्टर बल्बला तसाच लावून ठेवला, दिवा चालू ठेवला, आणि मागून हळूच दोन पिना घातल्या. बल्बला प्रत्यक्ष मिळत होतं १०.९.

१४.१ निघाले, १०.९ पोचले. मधले ३.२ व्होल्ट कुठे गेले?

खरा खेळ : गळती शोधणे

हे पाण्याच्या पाइपसारखं आहे. टाकी भरलेली आहे, नळाला धार नाही, म्हणजे मधे कुठेतरी कचरा अडकलाय. वायरमन याला ‘ड्रॉप काढणं’ म्हणतात.

नेहमी आपण मीटरची एक पिन प्लसला आणि एक मायनसला लावतो. ड्रॉप काढताना दोन्ही पिना एकाच वाटेवर लावायच्या : वाटेच्या सुरुवातीला एक, शेवटी एक. आणि दिवे, ब्लोअर चालू हवेत. वाट स्वच्छ असेल तर मीटर शून्याच्या आसपास दाखवेल. जो आकडा दिसेल तेवढा दाब त्या वाटेत वाया जातोय.

प्लसची वाट : एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी बल्बच्या प्लस पिनेवर. आले ०.६. थोडं जास्त, पण हा करंट स्विच, फ्यूज, लांब वायर असं फिरून येतो. जुन्या गाडीत चालतं. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान.

मायनसची वाट : एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी बल्बच्या अर्थ पिनेवर. आले २.६!

चांगल्या अर्थमध्ये हा आकडा ०.२ च्या आत असतो. इथे तेरापट.

१४.१ मधून ०.६ गेले, २.६ गेले, उरले १०.९. हिशेब चोख बसला. मला शाळेतल्या वजाबाकीचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

आता गळती नेमकी कुठे? काकांनी काळी पिन खुंटीवरच ठेवली आणि लाल पिन एकेक पाऊल पुढे नेली. खुंटीवरून क्लॅम्पवर : ०.०३. क्लॅम्पवरून वायरच्या थिंबलवर : ०.०५. थिंबलच्या बोल्टवरून पुढे पत्र्यावर : एकदम २.५५! म्हणजे सगळा घोळ त्या एका बोल्टखाली.

“हात लावून बघा,” काका म्हणाले. मी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. बोल्ट तापलेला होता. साहजिकच आहे : अडीच व्होल्ट, आणि दिवे-ब्लोअर मिळून वीसेक अँपिअर, म्हणजे ५० वॅट तिथे नुसते तापत होते. एका हेडलाइटचा उजेड मी बोल्ट गरम करायला वापरत होते.

आता कोडं सुटलं. बहुतेक गाड्यांत हेडलाइट, ब्लोअर, वायपर यांचा करंट परत बॅटरीकडे जातो तो गाडीच्या पत्र्यातून. पत्रा आणि बॅटरी यांना जोडणारी वायर एका बोल्टने पत्र्यावर कसलेली असते. इंजिनला वेगळी जाड वायर असते, ती ठीक होती, म्हणून सेल्फ मस्त चालायचा आणि चार्जिंगही चांगलं दिसायचं. पण पत्र्यातून येणाऱ्या सगळ्यांना एकाच अरुंद दारातून जावं लागत होतं. ब्लोअर लावला की त्या दारात गर्दी वाढायची, आणि दिव्यांच्या वाट्याचा दाब कमी व्हायचा. रेस देऊन काय फरक पडणार? अडचण पुरवठ्याची नव्हतीच, परतीच्या रस्त्याची होती.

बीप वाजला म्हणजे सगळं ठीक नाही

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण यूट्यूब बघून मीही हे केलं होतं. इंजिन बंद असताना मी मीटर ‘बीप’वर टाकून अर्थ तपासला होता. मस्त बीप वाजला. मी म्हटलं, अर्थ चांगला.

माझ्या बोल्टचा अडथळा होता ओहमचा जेमतेम आठवा भाग. २.५५ ला २० ने भागा, ०.१३ येतं. बीपला तेवढ्याचं काहीच वाटत नाही, कारण मीटर तपासताना अगदी चिमूटभर करंट सोडतो. जाड केबलच्या शंभर तारांतली एक तार शिल्लक असेल तरी बीप वाजेल. पण वीस अँपिअर सोडले की खरं रूप दिसतं. म्हणून अर्थ कधीही चालू लोडवर, व्होल्टमध्ये तपासा.

कारण काय निघालं?

काकांनी बोल्ट काढला. थिंबलखाली गंज होता, आणि गंजाखाली चकचकीत रंग. गाडीच्याच रंगाचा.

मार्च महिन्यात कुणीतरी पुढचं फेंडर घासून गेलं होतं. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. रंग मारताना बोल्टच्या जागेवरही रंग गेला आणि वायर त्याच्यावरच कसली गेली. रंगातून वीज जात नाही. नुसत्या बोल्टच्या आट्यांमधून जेवढं जमेल तेवढं चाललं होतं. उन्हाळ्यात ते पुरलं. मग पावसाचं पाणी शिरलं, गंज चढला, आणि घाटात दिवे गेले.

वाईट काय वाटलं सांगू? डेंटिंगवाल्याचा हलगर्जीपणा, हे आहेच. पण गाडी परत घेताना मी फक्त रंग जुळलाय का एवढंच बघितलं होतं.

दुरुस्ती : चाळीस मिनिटं

१. गाडी बंद, चावी बाहेर. १० नंबरच्या पान्याने आधी बॅटरीचा मायनस काढायचा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण प्लस खोलताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. (काही गाड्यांत यामुळे म्युझिक सिस्टिमचा कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.)

२. बोल्ट काढून, थिंबल आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, धातू चमकेपर्यंत. फक्त थिंबलएवढी जागा, सगळं फेंडर नाही.

३. थिंबल खिळखिळं असेल, वायरच्या तारा हिरव्या-काळ्या पडल्या असतील, तर तेवढी कापून नवं थिंबल दाबून बसवायचं. नुसतं पिळून टेप मारायची नाही.

४. बोल्ट घट्ट कसायचा, आणि कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावायची. आधी स्वच्छ धातूला धातू, मग वर जेली. तिचं काम पाणी आणि हवा अडवणं.

५. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवायची. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. मग कोरडं करून कसायचं.

आता परत मीटर. हे विसरू नका! दुरुस्तीनंतर तीच तपासणी परत केली नाही तर दुरुस्ती झाली की नाही ते कळणार कसं? माझा अर्थचा ड्रॉप २.६ वरून ०.१ वर आला. बल्बला मिळाले १३.४.

१०.९ आणि १३.४. दाबात १९ टक्क्यांचा फरक, आणि उजेडात? मघाचा हिशेब लावा. घाटात मी अर्ध्या उजेडात गाडी चालवत होते, आई आणि आजीला घेऊन.

काकांनी तीनशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, “बॅटरी नवी आहे ना, चार वर्षं तरी बघायला नको आता.” हसत म्हणाले, पण लागलं बरोबर जागी.

अजून काही, पटापट

जास्त वॅटचे बल्ब टाकायचा मोह होतो. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, बाजारात १००/९० चा मिळतो. पण गाडीची वायर आणि होल्डर त्यासाठी नसतात. करंट वाढला की ड्रॉपही वाढतो, होल्डर वितळतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा मूळचाच बल्ब, पण पूर्ण दाबाने. प्लसच्या वाटेतली गळती जास्त असेल तर वायरमनकडून रिले आणि फ्यूजसह हेडलाइटचं वेगळं वायरिंग करून घेता येतं : करंट बॅटरीतून थेट येतो, स्विच फक्त रिलेला हुकूम देतो.

बल्बला १३ व्होल्ट मिळतायत आणि तरी उजेड नाही? मग दोष विजेत नाही. हेडलाइटची प्लास्टिक काच पिवळी पडली असेल, बल्ब आतून काळा झाला असेल. नवा हॅलोजन बल्ब लावताना काचेला बोट लावू नका. त्वचेचं तेल चिकटलं की तिथे बल्ब जास्त तापतो आणि लवकर जातो.

आणि रस्त्यात, रात्री हे झालं तर? ब्लोअर, मागच्या काचेची हीटिंग, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा. काचेवर वाफ येत असेल तर काच थोडी खाली. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं असेल तर अल्टरनेटर बंद आहे, आणि तुम्ही फक्त बॅटरीवर चाललाय. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी वीस अँपिअरवर कागदावर पावणेदोन तास चालते. खरं म्हणजे दिवे त्याच्या खूप आधी पिवळे होतात. वस्ती असलेल्या, उजेडाच्या जागी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, परत सुरू होईलच असं नाही. पण त्याच वेळी तापमानाचा काटा वर जात असेल तर लगेच बाजूला घेऊन बंद करा : बेल्ट तुटला असेल, आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

सगळ्यांनी पान्याला हात लावलाच पाहिजे असं नाही. पण बोलता आलं पाहिजे. “दिवे मंद होतात, बघा जरा” असं नको. असं बोला : “ब्लोअर लावल्यावर दोन्ही हेडलाइट मंद होतात, रेस देऊन फरक पडत नाही. बॅटरीवर चालू गाडीत किती व्होल्ट येतात आणि बल्बला किती मिळतात, ते मला मीटरवर दाखवा. अर्थचा ड्रॉप काढा.” एवढं ऐकल्यावर कुणी मीटर न लावता बॅटरी विकायला धजावणार नाही. आणि धजावलाच, तर गाडी वळवून दुसरीकडे न्या.

स्क्रीनशॉटसाठी

१. मंद कधी होतात? आयडलला, लोडवर, की एकच दिवा?
२. रेस दिल्यावर वाढतात का?
३. सकाळी, गाडी बंद : १२.६ च्या आसपास.
४. गाडी चालू : १३.८ ते १४.५. सगळं लावून १३ च्या वर.
५. मायनस खुंटी ते बल्बचा अर्थ, दिवे चालू : ०.२ च्या आत.
६. प्लस खुंटी ते बल्बचा प्लस, दिवे चालू : ०.५ च्या आत.
७. दुरुस्तीनंतर पाचवी आणि सहावी तपासणी परत.
८. बॅटरी बदलायचा निर्णय सगळ्यात शेवटी.

दिवाळीत परत ताम्हिणीतून गेलो. पाऊस नव्हता, पण मी मुद्दाम ब्लोअर चारवर टाकला. आजी मागून म्हणाली, “अगं, थंडी वाजतेय, बंद कर ते!” मी म्हटलं, “एक मिनिट आजी, रस्ता बघू दे.” आई माझ्याकडे बघून हसली. या वेळी तिचा हात डॅशबोर्डवर नव्हता.

तर मंडळी, पाऊस यायच्या आधी एका संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, मग ब्लोअर चारवर टाका आणि भिंतीकडे बघा. उजेड हलला तर वरची यादी उघडा. काय आकडे आले ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही आपण एकत्र सोडवू. भेटूच!